बापाचा अन्याय लिहू देणारा सुलतान

पंधराव्या शतकात काश्मीरमध्ये एका सुलतानानं आपल्या बापाच्या अमदानीत देशोधडीला लागलेल्या लोकांना परत बोलावलं. त्यांच्यावरचा कर जवळजवळ काढून टाकला, त्यांना दरबारात जागा दिली. एवढ्यावर तो थांबला नाही. बापाच्या अमदानीत काय काय घडलं त्याची हकीकत त्याच्याच राज्यात, संस्कृतात, एका ब्राह्मण पंडिताच्या लेखणीतून उतरली आणि सुलतानानं ती उतरू दिली. हा सुलतान म्हणजे झैन-उल-आबिदीन. त्यानं 1420 ते 1470 अशी पन्नास वर्षं राज्य केलं. काश्मिरी माणूस आजही त्याला बडशाह म्हणतो.

त्याचं नाव हल्ली दोन पद्धतींनी घेतलं जातं. काहीजण त्याला पुढे करून म्हणतात की काश्मिरात हिंदू-मुसलमान कायम गुण्यागोविंदानं राहत आले, बिघाड झाला तो अलीकडे आणि बाहेरून. दुसरे त्याला बाजूला सारून त्याच्या बापाकडे, सिकंदराकडे, बोट दाखवतात आणि म्हणतात की खरा इतिहास तो, हा मुलगा निव्वळ अपवाद. मला हे दोन्ही नामंजूर आहे. ज्यांच्यावर कर लादला गेला त्यांचाच कर माफ होतो. जे निघून गेले त्यांनाच परत बोलावता येतं. बडशाहाचं मोठेपण मान्य करायचं तर त्याच्या आधीचा अन्यायही मान्य करावा लागतो, आणि अन्याय मान्य केला की तो निस्तरता येतो हेही मान्य करावं लागतं. आपल्याकडच्या वादात ही दोन्ही टोकं एकत्र धरायला कुणी तयार नाही.

आधी त्या बापाविषयी. सिकंदर 1389 मध्ये गादीवर आला आणि 1413 मध्ये वारला. श्रीनगरची भव्य जामा मशीद त्याच्या काळातली. मध्य आशियातून आलेल्या सय्यदांचा त्याच्यावर प्रभाव होता, पण ती हकीकत लिहिणाऱ्या जोनराज पंडिताच्या लिखाणात सगळ्यात काळ्या रंगात रंगलेला माणूस सय्यद नाही. तो आहे सूहभट्ट, धर्मांतर केलेला ब्राह्मण मंत्री. मूर्ती फोडण्यामागे, देवळं पाडण्यामागे, ब्राह्मणांवर जिझिया बसवण्यामागे जोनराजाला त्याचाच हात दिसतो. सिकंदरानंतर गादीवर आलेल्या अलीशाहाच्या दिवसांत तर सूहभट्टाचा जोर आणखी वाढला. ब्राह्मणांनी देश सोडून जाऊ नये म्हणून वाटांवर पहारे बसले. म्हणजे राहायचं तर धर्म सोडून, आणि जायचं तर चोरवाटेनं. कित्येकजण डोंगर ओलांडून गेले, काहींनी जीव दिला, काहींनी वेश बदलला. मागे अवघी अकरा घरं उरली, असं काश्मिरी पंडितांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगतात. आकड्याचं काही असो, एखादा समाज आपली आठवण अशा आकड्यात जपतो तेव्हा घाव किती खोल होता ते कळतं.

अलीशाहाचा धाकटा भाऊ शाही खान. अलीशाह हजला म्हणून निघाला, वाटेत विचार बदलला, गादी परत घ्यायला आला आणि लढाईत हरला. पंजाबातल्या जसरथ खोखर या सरदाराच्या मदतीनं शाही खान जिंकला आणि झैन-उल-आबिदीन या नावानं गादीवर बसला. तेव्हा तो विशीच्या आसपासचा होता.

त्यानंतरचा प्रसंग जोनराजानं नोंदवला आहे. सुलतानाला एक विषारी फोड आला आणि तो बरा होईना. विषावर उतारा जाणणारा वैद्य शोधायला माणसं पाठवली तर राज्यात असा वैद्य सापडेना. सापडणार कसा? ज्या कुळांत ती विद्या होती ती कुळंच उठून गेली होती किंवा तोंड मिटून बसली होती. शेवटी शिर्यभट्ट नावाचा एकजण सापडला. त्याला विद्या येत होती, पण भीतीपोटी तो लगेच पुढे आला नाही. मला या गोष्टीतला हाच क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राजा मरणाच्या दारात आहे, त्याला वाचवू शकेल असा माणूस त्याच्याच राजधानीच्या आसपास आहे आणि तो माणूस लपून बसला आहे, कारण आपण कोण आहोत हे उघड होण्याची त्याला दहशत आहे. दहशतीनं राज्य कसं पोखरतं हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

शिर्यभट्टानं उपचार केले, सुलतान बरा झाला. बक्षीस म्हणून त्याला द्रव्य देऊ केलं. त्यानं ते घेतलं नाही, आपल्या लोकांवरचा जाच दूर करा एवढंच मागितलं. ब्राह्मणांवरचा दंड दोन पल चांदीवरून एक मासा चांदीवर आला, असं जोनराज लिहितो. म्हणजे तो नावापुरता उरला. पुढच्या फारसी बखरींत आणखी तपशील येतात: परागंदा झालेल्यांना परत बोलावलं, बळजबरीनं धर्म बदललेल्यांना आपल्या धर्मात परतायची मोकळीक दिली, गोहत्या बंद केली, देवळं पुन्हा उभारायला परवानगी दिली. शिर्यभट्टाला त्यानं न्यायखात्यावर नेमलं. तिलकाचार्य नावाचा बौद्ध त्याच्या कारभारात वरच्या पदावर होता. लडाखच्या स्वारीत शेळ इथली बुद्धाची सुवर्णमूर्ती त्यानं सैनिकांच्या हातून वाचवली, हेही जोनराज सांगतो.

हा जोनराज कोण? कल्हणानं राजतरंगिणी, म्हणजे काश्मीरच्या राजांचा संस्कृत इतिहास, बाराव्या शतकाच्या मध्यावर संपवली. पुढची तीनशे वर्षं कुणी ती पुढे नेली नव्हती. ती पुढे न्यायचं काम जोनराजावर सोपवलं गेलं, आणि सोपवणारा दुसरा कुणी नाही, हाच शिर्यभट्ट, आता सुलतानाच्या न्यायखात्याचा प्रमुख. राज्याच्या अधिकाऱ्यानं राज्याचा इतिहास लिहायला सांगितला. त्या इतिहासात राज्यकर्त्याच्या सख्ख्या बापाच्या काळात एकही गाव, एकही नगर, एकही रान असं उरलं नाही की जिथलं देऊळ शाबूत राहिलं, असं लिहिलं गेलं. लिहिणारा सुखरूप राहिला. 1459 मध्ये तो वारला आणि त्याचा शिष्य श्रीवर याने तीच तरंगिणी पुढे चालवली, त्याच दरबारात.

जोनराज दरबारी कवी होता. त्यानं बराचसा दोष सूहभट्टावर टाकला तो कदाचित धन्याच्या घराण्याची अब्रू राखण्यासाठी, असं म्हणायला जागा आहे. त्याच्या शब्दांत काव्याची अतिशयोक्तीही आहे. तरी मूळ मुद्दा हलत नाही. झैन-उल-आबिदीनला मागचं सगळं झाकून टाकणं सोपं होतं. झालं गेलं गंगेला मिळालं, आता सगळे मिळून राहू, असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्यानं नुकसान भरून देताना नुकसान झाल्याची नोंदही होऊ दिली. नोंद नसली तर परतावा हा उपकार ठरतो, घेणाऱ्याची मान खाली जाते. नोंद असली तर तोच परतावा हक्क ठरतो.

परत आलेल्यांच्या पोटापाण्याकडेही त्यानं पाहिलं. राज्याचा कारभार फारसीत चालू लागला होता. परतलेल्या ब्राह्मणांतल्या ज्यांनी फारसी शिकून घेतली ते कारकुनीत, महसुलात, हिशेबात शिरले. काही संस्कृत आणि धर्मकृत्यं धरून राहिले. पंडितांतला कारकून आणि भाषाभट्ट हा भेद याच काळापासूनचा मानतात. उलट्या दिशेनं मुल्ला अहमदानं महाभारत आणि राजतरंगिणी फारसीत नेली. समरकंदहून कागद करणारे आणि पुस्तकं बांधणारे कारागीर आणवले गेले. कालवे निघाले, झैनागीर हे नाव आजही त्या भागाला आहे. कायदे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून लोकांसमोर लावले गेले. ग्वाल्हेरच्या डुंगरसिंह तोमरानं त्याला संगीतावरचे ग्रंथ धाडले, यावरून त्या दरबाराची कीर्ती कुठवर पोचली होती ते दिसतं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी काश्मीरहून एक कुटुंब आपल्या देवगिरीला येऊन यादवांच्या आश्रयाला राहिलं होतं आणि त्याच घरातल्या शार्ङ्गदेवानं इथे संगीतरत्नाकर लिहिला, हे आठवलं की काश्मीर आणि महाराष्ट्र यांच्यातलं अंतर तितकंसं वाटत नाही.

परतणं सोपं मात्र नव्हतं. जे मागे राहिले आणि जे बाहेरून आले त्यांच्यात फट पडली. मलमासी आणि बनमासी असे दोन तट पडले, अधिक महिना कसा धरायचा यावरून. मागे राहिलेल्यांनी कुठल्या तडजोडी करून जीव वाचवला आणि गेलेल्यांनी परमुलखात काय भोगलं, याचा हिशेब पंचांगाच्या वादात शिरला असावा असं मला वाटतं. बोलावणं आलं, लोक आले आणि सगळं पूर्ववत झालं, असं कुठेच होत नसतं. ज्यांना आज पंडितांच्या घरवापसीची घोषणा करून टाळ्या घ्यायच्या असतात त्यांनी हे प्रकरण वाचायला हवं.

त्याच्या मोठेपणाला मर्यादा होत्या, त्याही सांगायला हव्यात. सिकंदरानं सतीची चाल बंद केली होती. झैन-उल-आबिदीननं ती बंदी उठवली, असं फारसी इतिहासकार लिहितात. परत मिळालेल्या धर्मस्वातंत्र्यात हेही आलं, आणि त्या जाचातून सुटका झाली ती पुरुषांची अधिक. श्रीनगरात झैना कदल या पुलाजवळ झेलमच्या काठी त्यानं आपल्या आईची कबर बांधली. विटांचे पाच घुमट, भिंतींत मधूनमधून निळी झिलई दिलेल्या विटा, बांधणी अगदी समरकंदी. पण हे सगळं ज्या दगडी चौथऱ्यावर उभं आहे तो जुन्या देवळाचा. प्रवेशद्वाराचा घडीव दगडही तसाच. मार्तंडाचं सूर्यमंदिर त्याच्या पन्नास वर्षांत पुन्हा उभं राहिलं नाही, ते आजही भग्नच आहे.

सगळ्यात मोठी मर्यादा ही की जे काही झालं ते एका माणसाच्या मर्जीवर झालं. उतारवयात त्याचे तीन मुलगे आदम खान, हाजी खान आणि बहराम आपसांत आणि बापाशी भांडत राहिले. म्हाताऱ्या राजानं या सगळ्याला विटून फारसीत एक रचना केली, तिचं नाव शिकायत. श्रीवर त्याला योगवासिष्ठ वाचून दाखवी. 1470 मध्ये तो गेला आणि हाजी खान हैदरशाह म्हणून गादीवर बसला. दारू आणि एका न्हाव्याची संगत यांत तो बुडाला, आणि बापाच्या मर्जीतल्या ब्राह्मणांचे पुन्हा हाल सुरू झाले. तो दोन वर्षांतच गेला. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शम्सुद्दीन अराकी आणि वजीर मूसा रैना यांच्या हातून बळजबरीचं धर्मांतर पुन्हा झालं. तांब्यावर कोरलेले कायदे कुणाला आडवे आले नाहीत, कारण कायद्यामागे सुलतानाखेरीज दुसरं काही उभं नव्हतं.

आपल्यामागे संविधान आहे, न्यायालयं आहेत, निवडून दिलेली सरकारं आहेत. म्हणूनच 1990 नंतरच्या कारभाराकडे पाहून मला राग येतो.

1990 च्या हिवाळ्यात हत्या आणि धमक्यांच्या भीतीनं खोऱ्यातून पंडित निघाले. चाळीस हजारांहून अधिक कुटुंबं सरकारदरबारी विस्थापित म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्रानं त्या दशकात आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्या, आणि त्यातली बरीच मुलं पुण्या-मुंबईत शिकली, इथेच नोकरीला लागली. ही गोष्ट चांगली झाली. परतीसाठी सरकारांनी काय केलं? 1997 मध्ये विस्थापितांची घरंदारं कवडीमोलानं विकली जाऊ नयेत म्हणून कायदा झाला. बळकावलेल्या मालमत्तेच्या तक्रारी ऑनलाइन घेण्याची सोय व्हायला 2021 साल उजाडलं. 2008 मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजातून तीन हजार नोकऱ्या, 2015 मध्ये आणखी तीन हजार. नोकरी घेऊन गेलेली मुलं कुंपणाआडच्या वसाहतींत राहू लागली. मे 2022 मध्ये चाडूराच्या तहसील कचेरीत घुसून त्यांच्यातल्या एकाला गोळ्या घातल्या, तेव्हा बाकीच्यांतले बरेचजण जम्मूला परतले आणि कित्येक महिने धरणं धरून बसले. सरकारनं त्यांचे पगार थांबवले.

नोकरी, घर, पॅकेज हे सगळं लागतंच. पण शिर्यभट्ट पुढे यायला का कचरला, त्या प्रश्नाला यातल्या कशानंही उत्तर मिळत नाही. कुणी मारलं, कुणी मारायच्या माणसांची यादी चिकटवली, शेजाऱ्यांतलं कोण गप्प राहिलं आणि कोणी जीव धोक्यात घालून रात्रीतून गाडी आणून दिली, प्रशासन त्या रात्री कुठे होतं, याची अधिकृत नोंद आज नाही. 1989 पासून 219 पंडित मारले गेले हा राज्य सरकारचा आकडा. 2017 मध्ये, अर्जदारांच्या हिशेबानं सातशेहून अधिक हत्यांचे, 215 गुन्हे पुन्हा तपासावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, तो सत्तावीस वर्षं उलटली, आता पुरावा कुठून आणणार, असं म्हणून फेटाळला गेला. पुढची फेरविचाराची धडपडही 2022 मध्ये संपली. नोंद नसल्यामुळे त्या दिवसांविषयी कुणीही काहीही बोलू शकतो. एकजण म्हणतो तेव्हाचे राज्यपाल जगमोहन यांनीच त्यांना हलवलं, दुसरा म्हणतो सगळं खोरंच खुनी होतं. दोघांनाही थांबवणारा कागद आपल्याकडे नाही.

कागदानं काय होतं, असं विचारणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावं. 1992-93 च्या दंगलींसाठी श्रीकृष्ण आयोग नेमला गेला. 1996 मध्ये राज्य सरकारनं तो गुंडाळला, मग पुन्हा सुरू केला, आणि 1998 मध्ये आलेला अहवाल त्याच सरकारनं फेटाळला. अहवालात नावं आलेल्यांपैकी फार थोड्यांना शिक्षा झाली. हे सगळं खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण त्या दोन महिन्यांत मुंबईत काय झालं याविषयी आज कुणी थाप मारली तर एका न्यायमूर्तींनी साक्षी घेऊन लिहिलेली पानं समोर ठेवता येतात. काश्मिरी पंडितांच्या हातात तेवढंही नाही. त्याच खोऱ्यात गेल्या पस्तीस वर्षांत मुसलमान घरांतलीही हजारो माणसं मारली गेली, कित्येक बेपत्ता झाली, आणि त्यांच्या आयाही तशाच कागदाविना बसल्या आहेत. एका घराची नोंद करायची आणि दुसऱ्याची नाही, असं करता येणार नाही. केलं तर ती नोंद राहत नाही, फिर्याद होते.

एप्रिल 2025 मध्ये पहलगामला सव्वीस जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. त्यानंतर हा विषय काढणंही अवघड झालं आहे. काश्मिरातल्या सुलतानाचं कौतुक कसलं करता, असं तोंडावर विचारलं जातं, आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी विचारलं तर ऐकून घ्यायलाच हवं. मला मात्र त्या हल्ल्यानंतर ही गरज अधिकच जाणवते. रक्त सांडलं की दोन दिवस आरडाओरडा करायचा आणि नोंदीविना पुढे जायचं, या सवयीनंच काश्मीरचा प्रश्न एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आहे तसा सरकत आला.

11 डिसेंबर 2023 रोजी कलम 370 च्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात एक शिफारस केली आहे. ऐंशीच्या दशकापासून सरकारी आणि बिगरसरकारी अशा दोन्ही हातांनी खोऱ्यात जे मानवी हक्क तुडवले गेले त्यांची चौकशी करून नोंद करणारा सत्य आणि सलोखा आयोग नेमावा, आणि आठवणी पुसट व्हायच्या आत, वेळ ठरवून नेमावा, असं त्यांनी म्हटलं. कौल स्वतः काश्मिरी पंडित. निकालातल्या बाकी मुद्द्यांवर टीव्हीवर रात्र रात्र चर्चा झाली, या शिफारशीवर जवळजवळ नाही. ज्या पक्षांना पंडितांचं दुःख सभेत आठवतं त्यांनी ती उचलली नाही, आणि काश्मिरी मुसलमानांच्या हक्कांची भाषा बोलणाऱ्यांनीही तिचा पाठपुरावा केला नाही. आयोगापुढे आपल्याही बाजूचं काही निघेल याची भीती दोन्हीकडे आहे.

हा आयोग केंद्रानं नेमावा. त्याच्या बैठका श्रीनगर आणि जम्मूत व्हाव्यात, तशाच दिल्लीत आणि पुण्यातही व्हाव्यात, कारण साक्षीदार तिथे विखुरले आहेत. साक्षी काश्मिरीत द्यायची मुभा असावी आणि अहवाल संसदेपुढे ठेवून छापला जावा. 1990 मध्ये जे तिशीत होते ते आता पासष्टीच्या पुढे आहेत, जे पन्नाशीत होते त्यांतले बरेच गेले.